बालस्थलांतर, ब्रिटनमधील युद्धकालीन

दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटिश सरकारने मोठ्या शहरांतील मुलांना खेड्यापाड्यांत अनोळखी कुटुंबांकडे राहायला पाठवले, ती योजना. तिचे सांकेतिक नाव ‘ऑपरेशन पाइड पायपर’. युद्धकाळावरील अनेक इंग्रजी कौटुंबिक चित्रपटांची सुरुवात याच प्रसंगाने होते. गळ्यात किंवा कोटावर नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा आणि वाफेच्या इंजिनाची गाडी हे दृश्य त्यामुळे जगभर ओळखीचे झाले. पडद्यावरचे स्थलांतर आणि प्रत्यक्षातले स्थलांतर यांत मात्र बरेच अंतर आहे.

योजनेचा पाया सर जॉन अँडरसन यांच्या समितीने १९३८ मध्ये घातला. देशाचे तीन भाग पाडण्यात आले. लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो यांसारखी शहरे रिकामी करायची. ग्रामीण भागांनी मुले घ्यायची. उरलेला भाग तटस्थ, म्हणजे तिथून मुले पाठवायचीही नाहीत आणि तिथे घ्यायचीही नाहीत. १९३९ च्या सुरुवातीला ग्रामीण घरांची पाहणी झाली आणि राहण्याजोग्या खोलीमागे एक माणूस असे सरसकट प्रमाण धरले गेले. घरात किती खोल्या आहेत हे या पाहणीत समजले. त्या घरातली बाई दिवसभर शेतावर असते की आजारी आहे, हे समजले नाही, आणि पुढच्या अनेक अडचणी इथूनच उगवल्या. मुलांना पाठवणे पालकांच्या मर्जीवर होते. मुले ठेवून घेणे मात्र बंधनकारक होते आणि नकार देणाऱ्याला दंडाची तरतूद होती.

३१ ऑगस्ट १९३९ रोजी आदेश निघाला आणि १ सप्टेंबरला, म्हणजे युद्ध जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी, गाड्या सुटू लागल्या. तीन-चार दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलवले गेले. त्यांत सव्वाआठ लाखांच्या आसपास शाळकरी मुले होती, तर पाच वर्षांखालील मुले व त्यांच्या आया मिळून पाच लाखांहून अधिक. गरोदर स्त्रिया, अंध व्यक्ती आणि सुमारे एक लाख शिक्षक व मदतनीसही त्यांत होते. मुले शाळेच्या तुकडीने, आपल्या शिक्षकांबरोबर निघत. सामानाची यादी पालकांना आधीच दिलेली असे: गॅस मास्क, अंतर्वस्त्रांचा जादा जोड, रात्रीचे कपडे, कॅनव्हासचे बूट, मोजे, टूथब्रश, कंगवा, टॉवेल, रुमाल, गरम कोट आणि दिवसभराची शिदोरी. गरीब वस्त्यांतल्या कित्येक घरांत यातला निम्मा ऐवजही नव्हता. आपले मूल कुठल्या गावी गेले, हे घरच्यांना मुलाने पाठवलेल्या पोस्टकार्डावरूनच कळे.

अपेक्षेपेक्षा बरीच कमी मुले आल्याने रेल्वेने ठरलेले वेळापत्रक बाजूला ठेवले. तुकडी आली की समोरच्या गाडीत बसवायची आणि गाडी सोडायची. त्यामुळे शहरे झपाट्याने रिकामी झाली, पण एका शाळेची मुले तीन-चार गावांत विखुरली. जिथे मुलांची तयारी होती तिथे तान्ह्या बाळांसह आया उतरल्या. बऱ्याच गाड्यांना आतून जोडमार्गिका नव्हती, म्हणजे शौचालयही नाही. तासन् तास प्रवास करून उतरलेल्या लहानग्यांची अवस्था पाहून गावकऱ्यांचे पहिले मत बिघडले, ते यामुळेही.

गावात बिलेटिंग अधिकारी (राहण्याची सोय लावणारे अधिकारी) आणि स्त्रियांची स्वयंसेवी संघटना ‘विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस’च्या कार्यकर्त्या मुलांची वाटणी करत. ही संघटना १९३८ मध्ये हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नी लेडी स्टेला रीडिंग यांनी उभी केली होती. यादीप्रमाणे घर नेमून देणे ही योग्य रीत होती. घाईमुळे अनेक ठिकाणी मुलांना सभागृहात उभे करून यजमानांना निवडू दिले गेले. शेतकरी धट्टीकट्टी मुले उचलत, नीटनेटक्या छोट्या मुली लवकर जात, आणि एकत्रच राहायचा हट्ट धरणारी भावंडे शेवटपर्यंत ताटकळत. यजमानाला एका मुलासाठी आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स, एकाहून अधिक असल्यास प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स टपाल कार्यालयातून मिळत. वाढत्या वयाच्या मुलाला ही रक्कम पुरत नसे.

तक्रारी मुख्यतः उवा, खरूज आणि अंथरूण ओले करण्याच्या होत्या. स्थलांतर उन्हाळी सुट्टीच्या अखेरीस झाल्याने शाळेतली वैद्यकीय तपासणी राहून गेली होती, हे उवांचे एक साधे कारण. अंथरूण ओले होण्यामागे बहुधा घर सुटल्याची भीती असे. मार देऊन ते थांबत नाही, हे उमगायला वेळ लागला, आणि धुण्याच्या खर्चासाठी सरकारला पुढे वेगळा भत्ता मंजूर करावा लागला. गावच्या शाळेत जागा अपुरी असल्याने सकाळी गावातली आणि दुपारी शहरातली मुले, अशा दोन पाळ्या चालत.

पहिल्या काही महिन्यांत बाँब मात्र पडले नाहीत. जानेवारी १९४० पर्यंत निम्म्याहून अधिक लोक शहरांत परतले होते. जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर, सप्टेंबर १९४० मध्ये ‘ब्लिट्झ’ म्हणजे शहरांवरचे जर्मन हवाई हल्ले सुरू झाल्यावर आणि जून १९४४ पासून जर्मनांचे व्ही-१ उडते बाँब येऊ लागल्यावर पुन्हा लाटा निघाल्या. काही मुलांना समुद्रापार पाठवण्याचा उपक्रमही झाला. एरवी मुंबई आणि लिव्हरपूलदरम्यान धावणारे ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज १७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन पाणबुडीने बुडवले. सरकारी योजनेतील ९० पैकी ७७ मुले मरण पावली. जहाजावरचे बरेच खलाशी हिंदुस्थानी होते आणि त्यांतलेही अनेक बुडाले. या घटनेनंतर तो उपक्रम थांबला.

आईपासून तुटण्याचा लहान मुलांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास या काळात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाला. जॉन बोल्बी आणि डोनाल्ड विनिकॉट या बालमानसतज्ज्ञांनी डिसेंबर १९३९ मध्येच जाहीर इशारा दिला होता. अ‍ॅना फ्रॉइड या मनोविश्लेषिकेच्या लंडनमधील युद्धकालीन बालगृहांतल्या निरीक्षणांतही हेच दिसले, की बाँबच्या आवाजापेक्षा आईचा विरह मुलांना अधिक खचवतो.

चित्रपटांकडे या माहितीनिशी पाहिले तर काही बदल ठळक दिसतात. २००५ च्या ‘नार्निया’ चित्रपटात आधी लंडनवर बाँब पडतात, मग भावंडे गाडीत बसतात. १९४० च्या शरदासाठी हा क्रम बरोबर आहे, पण सर्वांत मोठी लाट त्याआधी जवळपास एक वर्ष, शांत आकाशाखाली निघाली होती. १९७१ च्या ‘बेडनॉब्ज अँड ब्रूमस्टिक्स’मध्ये तीन भावंडे नाखूश बाईच्या गळ्यात पडतात, हे वास्तवाला धरून आहे. ‘द रेल्वे चिल्ड्रन रिटर्न’ (२०२२) ची मुले १९४४ मध्ये सॅल्फर्डहून यॉर्कशरला जातात. त्या वर्षीचे मोठे स्थलांतर लंडन आणि आग्नेय इंग्लंडातून झाले होते. शिक्षक मात्र बहुतेक कथांतून नाहीसे होतात, कारण साहसासाठी मुले एकटी लागतात. प्रत्यक्षात परक्या गावात त्यांचा खरा आधार शिक्षकच होते. गॅस मास्कही नीट पाहावेत: लाल रबराचे, निळ्या डब्याचे रंगीत मास्क फक्त पाचेक वर्षांपर्यंतच्या मुलांचे, शाळकरी मुलांना मोठ्यांसारखेच काळे, लहान मापाचे मिळत.

पडद्यावरचा परतीचा प्रवास फलाटावरच्या मिठीत संपतो. मार्च १९४६ मध्ये योजना अधिकृतपणे बंद झाली, तेव्हाही परत जायला घर नसलेले हजारो लोक खेड्यांत अडकून होते.