कोणाचं आधी, कोणाचं मागून

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. नागपुरातल्या कुठल्याही शाळेत त्या दिवशी नववीची प्रार्थनेची रांग बघा. एप्रिलपर्यंत पुढे उभा राहणारा एखादा पोट्टा थेट मागे गेलेला असतो. पॅन्ट घोट्याच्या वर, आवाज फुटलेला. त्याचा जिवलग मित्र मात्र अजून पहिल्याच नंबरावर. त्या मित्राच्या घरी मग काळजी सुरू होते.

एकाच वयाची मुलं अशी मागेपुढे का वाढतात, हे कोडं सुटायला शंभराहून जास्त वर्षं लागली. फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या उमरावानं १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी टिपून ठेवली. आपण चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करतो, तशीच. वयात येताना उंची झपाट्यानं वाढते, हे त्या नोंदींत स्पष्ट दिसतं. पण ते एकच मूल होतं.

पुढे शेकडो मुलं मोजून सरासरी काढली गेली, आणि तिनंच दिशाभूल केली. कोणाची उंची अकराव्या वर्षी उसळते, कोणाची पंधराव्या. सगळी एकत्र केली की उसळी सपाट होते. अमेरिकेत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १८९१पासून त्याच त्या मुलांना पुन्हापुन्हा मोजलं, तेव्हा उमगलं की वय सारखं असलं तरी वाढीची लय ज्याची त्याची असते. मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

इंग्लंडमध्ये टॅनर आणि मार्शल या डॉक्टरांनी १९६९मध्ये १९२ मुलींची आणि १९७०मध्ये २२८ मुलांची वयात येतानाची वाढ टप्प्याटप्प्यानं मांडली. ती मुलं ब्रिटिश होती. आपल्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे उंची-वजनाचे तक्ते आहेत.

मुलींमध्ये साधारण ८ ते १३, मुलांमध्ये ९ ते १४ या वयात वयात येण्याचे बदल कधीही सुरू झाले तरी ते ठीकच. त्याआधी सुरू झाले किंवा त्यानंतरही झाले नाहीत, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. ते डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. उशिरा वाढणाऱ्या मुलाची हाडं वयापेक्षा लहान निघतात, म्हणजे वाढ अजून शिल्लक असते. आणि ते विचारतात, आईला पाळी कधी आली, बाबांना मिसरूड कधी फुटलं? तेव्हा कितीतरी वडिलांना आठवतं, आपली उंचीही अकरावी-बारावीतच वाढली होती.