टाळेबंदी आणि इतर आजारांची जोखीम

साथ रोखण्यासाठी घातलेल्या निर्बंधांमुळे वाचलेले जीव एका पारड्यात आणि त्याच निर्बंधांमुळे उपचारांवाचून राहिलेले इतर आजारांचे रुग्ण दुसऱ्या पारड्यात, असा हा हिशेब. भारतात त्याची सर्वांत कठीण कसोटी कोरोनाकाळात लागली.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा नोंदलेले रुग्ण सुमारे ५०० होते. खाटा, व्हेंटिलेटर, पीपीई किट यांची जुळवाजुळव करायला वेळ मिळावा, हा हेतू रास्तच होता. पण घोषणेनंतर लोकांच्या हाती जेमतेम चार तास उरले. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याने वाहन कुठून आणायचे, याची सोय आधी लावायला हवी होती. ८ मे रोजी जालन्याहून रुळांच्या कडेने गावाकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. कोरोनाबळींच्या आकड्यात ते कुठेच नाहीत.

सर्वांत मोठी किंमत क्षयरोगाच्या बाबतीत मोजावी लागली. त्याचे मुख्य लक्षण खोकला, आणि त्या दिवसांत खोकणारा माणूस दवाखान्याची पायरी चढायला धजत नव्हता. तिथून थेट विलगीकरणात रवानगी होईल ही धास्ती. थुंकीचे नमुने तपासणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रेही ठिकठिकाणी कोरोनाच्या चाचण्यांना जुंपली गेली. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग होता तिथेच होता. घटली ती नोंद. निदान न झालेला रुग्ण एका खोलीच्या घरात पोराबाळांशेजारीच झोपत होता. कर्करोगाचेही तेच: देशातील ४१ केंद्रांत मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षाच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घसरली.

सगळा दोष टाळेबंदीच्या माथी मारणे मात्र चूक ठरेल. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रुग्णालये भरून वाहिली, तेव्हा हृदयविकाराच्या रुग्णालाही खाट मिळेना. मोकाट साथही इतर उपचार बंद पाडतेच. त्यामुळे खरा वाद निर्बंध हवेत की नकोत एवढाच नाही. कोणते, किती दिवस, आणि त्या काळात कोणती सेवा काही झाले तरी चालू ठेवायची, हे ठरवणे जास्त मोलाचे आहे.

बालकांचे नियमित लसीकरण ही अशीच एक सेवा. गोवराची पहिली मात्रा नवव्या महिन्यात द्यायची असते. साथीच्या काळात अनेक बाळांची ती चुकली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराचा उद्रेक झाला, मुले दगावली आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी जादा मात्रेची मोहीम घ्यावी लागली.