अंतिम वर्षातील नापासी आणि पदवीची श्रेणी

शेवटच्या वर्षी एखादा विषय राहिला, तर पदवीची श्रेणी ठरण्याचे काम तो सुटेपर्यंत थांबते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुले याला ‘बॅक राहिली’ म्हणतात. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजला, तोंडी असलेला ‘एटीकेटी’ हा शब्द खरे तर पुढच्या वर्षात बसू देण्याच्या सवलतीचा आहे. अंतिम वर्षाला पुढचे वर्षच नसल्याने तिथे ती सवलत उपयोगाची नाही.

इथले पदवी विद्यार्थी मुख्यतः 2010 मध्ये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचे असतात, आणि अभियांत्रिकीचे 1998 मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे (व्हीटीयू).

नापासीमुळे श्रेणी आपोआप घसरते, हा समज चुकीचा आहे. राहिलेल्या विषयाला शून्य श्रेणीगुण मिळतात. तो सुटला की शून्याच्या जागी नवे गुण येतात. व्हीटीयूच्या 2018 च्या योजनेत बी. ई.साठी 175 क्रेडिट (म्हणजे विषयांना दिलेले वजन) होती. 3 क्रेडिटच्या विषयात 7 ऐवजी 4 श्रेणीगुण पडले, तर नुकसान 9 भागिले 175, म्हणजे जेमतेम 0.05. पण त्या योजनेत प्रथम श्रेणीची रेषा 6.75 वर आणि डिस्टिंक्शनची 7.75 वर आहे. ज्याचा सीजीपीए (सर्व विषयांच्या श्रेणीगुणांची क्रेडिटनुसार सरासरी) 6.78 झाला असता, तो 6.73 वर येतो आणि त्याची प्रथम श्रेणी जाते. काठावरच्यालाच हा फटका बसतो.

विद्यापीठाचा रँक मात्र हातचा जातो. सर्व विषय पहिल्याच प्रयत्नात सुटलेले असावेत, ही त्याची नेहमीची अट असते. श्रेणीला ती सहसा नसते.

गुणांच्या बेरजेतही एक फसवी जागा आहे. व्हीटीयूच्या 2022 च्या योजनेत अंतर्गत परीक्षेत 50 पैकी 20 आणि लेखीत 50 पैकी 18 लागतात. दोन्ही किमान गुण मिळाले तरी बेरीज 38 होते, लागतात 40. मार्क्सकार्डावर दोन्ही रकाने पास दिसतात आणि निकाल मात्र नापास.

निकालानंतर आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवावी, ती विषय शिकवणाऱ्या सरांना दाखवावी, मगच रिव्हॅल्युएशनचे (फेरतपासणीचे) पैसे भरावेत. मुदत थोडी असते. फेरतपासणीच्या भरवशावर पुढच्या परीक्षेचा अर्ज सोडून देणे ही सर्वांत महागडी चूक. तिचा निकाल अनेकदा अर्जाची तारीख उलटल्यावर लागतो. म्हणून दोन्ही अर्ज एकदमच भरावेत, शुल्क वाया गेले तरी चालेल. विद्यापीठ त्या सत्रात फक्त सम किंवा फक्त विषम सेमिस्टरच्या परीक्षा घेत असेल, तर पाचव्या सेमिस्टरचा राहिलेला पेपर आणखी सहा महिने लांबतो. तेवढ्यात एम. ए., एम. कॉम.चे प्रवेश होऊन जातात, आणि नोकरीच्या अर्जावर पदवीची तारीख पुढची पडते.