ट्रान्सजेंडर स्मृतिदिन

तृतीयपंथी आहेत एवढ्याच कारणावरून ज्यांचा खून झाला किंवा मारहाणीत जीव गेला, त्यांची आठवण काढायचा दिवस म्हणजे ट्रान्सजेंडर स्मृतिदिन, दरवर्षी २० नोव्हेंबरला. मेणबत्त्या लावतात, थोडीफार भाषणंही होतात, पण मुख्य काम एकच, गेलेल्यांची नावं एकेक करून मोठ्यानं वाचायची. इंग्रजीत ट्रान्सजेंडर डे ऑफ रिमेंब्रन्स, थोडक्यात टीडीओआर म्हणतात. मराठीत 'पारलिंगी' हा शब्द हल्ली लिहिण्यात येतो, पण कोल्हापुरात पारलिंगी म्हटलं तर समोरचा दोनदा विचारतो आणि तृतीयपंथी म्हटलं की लगेच कळतं, म्हणून इथं तोच वापरलाय.

सुरुवात अमेरिकेतली. बोस्टनच्या ऑलस्टन भागात रिटा हेस्टर नावाची कृष्णवर्णीय ट्रान्स बाई राहायची, २८ नोव्हेंबर १९९८ ला तिच्या घरातच तिला भोसकून मारलं आणि त्या खुनाचा छडा कधी लागलाच नाही. तिथल्या पेपरांनी बातमी दिली ती तिला 'तो' म्हणत, त्यामुळं तिच्या माणसांचा राग खुनाबरोबर या बातम्यांवरही होता. ४ डिसेंबरला लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. ग्वेंडोलिन अॅन स्मिथ ही कार्यकर्ती तेव्हा लोकांशी याबद्दल बोलत होती आणि तिच्या लक्षात आलं, की त्याच परिसरात तीनच वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर १९९५ ला, शनेल पिकेट अशीच मारली गेली होती आणि ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. शनेलला मारणारा खुनाच्या आरोपातून सुटला, मारहाणीपुरती दोनेक वर्षांची सजा झाली. मग स्मिथनं गेलेल्यांची यादी करायला घेतली आणि १९९९ पासून हा दिवस पाळायला लागले. म्हणजे हा दिवस निघाला तो विसरण्याच्या रागातून, हे लक्षात ठेवलं तर नावं वाचण्यावर एवढा भर का ते कळतं.

आता मोजदादही होते. ट्रान्स मर्डर मॉनिटरिंग नावाचा प्रकल्प दरवर्षी १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा हिशोब धरून जगभरातल्या खुनांच्या नोंदी गोळा करतो, २०२४ च्या यादीत ३५० जण होते आणि सगळ्यात जास्त ब्राझीलमधले. पण यादीत तोच येतो ज्याची बातमी तृतीयपंथी म्हणून छापली गेली. आपल्याकडं पंचनाम्यात 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०' असं पडलं की ती व्यक्ती त्या ३५० मध्ये यायचा प्रश्नच मिटला.

भारतातली एक जुनी केस इथं सांगायलाच पाहिजे. १८५२ साली उत्तरेत मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला. आता मेली ती, तर चौकशी मारणाऱ्याची व्हावी की नाही? पण इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यातून अर्थ काढला की ही जमातच धोक्याची आहे, आणि पुढं १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांसाठी वेगळा भाग घातला. रजिस्टरमध्ये नाव, बाईच्या कपड्यात रस्त्यावर यायचं नाही, नाचगाणं करायचं नाही, आणि जे कमी लोकांना माहीत असतं ते म्हणजे मृत्युपत्र करायचं नाही आणि मूल दत्तक घ्यायचं नाही. अंमल मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात झाला, पण 'यांच्या मागं यांचं कोण' हा प्रश्न कायद्यानंच कसा पुसून टाकला त्याचं हे उदाहरण.

तो प्रश्न अजून आहे. हिजडा घराण्यात गुरू आणि चेला हे नातं आईमुलीसारखं असतं, आजारपणात उशाशी चेलाच बसते, पण मेल्यावर सरकारी दवाखान्यातून बॉडी मिळते ती रक्ताच्या नातेवाइकांना. ज्या भावानं पंधरा वर्षं दारात उभं केलं नाही तो येतो, केस कापतो, पँट-शर्ट घालतो आणि जुन्या नावानं उरकून टाकतो. जमातीत मागं चाळीसाव्या दिवसाची 'रोटी' करतात, लांबलांबून लोक येतात, तिथं मात्र तिचं खरं नाव असतं. (हिजड्यांची प्रेतयात्रा रात्रीच निघते आणि प्रेताला चपलेनं मारतात ही गोष्ट लहानपणी आम्हालाही सांगितलेली, जमातीतली माणसं ती साफ खोटी म्हणतात.)

कोल्हापूरबद्दल लिहायचं तर जोगत्यांशिवाय पुढं जाता येत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले जोगते या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, डोक्यावर देवीचा जग म्हणजे मुखवट्याची टोपली, कपाळभर भंडारा, हातात चौंडकं हे तंतुवाद्य. सगळेच जोगते तृतीयपंथी नसतात आणि सगळे तृतीयपंथी जोगते नसतात, हिजडा घराण्यातलं 'निर्वाण', म्हणजे लिंग काढून टाकणं, इथं लागत नाही, देवीच्या नावानं गळ्यात मोती पडले की झालं. शाहू महाराजांनी १९२० मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, तरी देवीचं नातं काही सुटलं नाही. आणि या परंपरेत शोक आधीपासूनच आहे. जमदग्नी मारले गेले, रेणुका विधवा झाली, म्हणून मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला सौंदत्तीला बांगड्या फोडायच्या आणि पुढं अहेव पुनवेला परत भरायच्या. सौंदत्तीहून जग परत आले की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते, घराघरांतून आंबील, भाकरी, वांगं, मेथीची भाजी, गाजर, कांद्याची पात असा नैवेद्य येतो आणि त्या दिवशी जोगत्याच्या पाया पडायला रांग लागते.

एका यात्रेत मी सावलीला बसलो होतो, शेजारी एक वयस्कर जोगती परडी मांडीवर घेऊन जेवत होती. घासभर भाकरी आणि पातीची काडी तिनं बाजूला काढून ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, "आमच्या बहिणीची हाय, मारून टाकली तिला." नाव सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "पेपरात दुसरंच छापल्यालं." पाया पडणारी माणसं मधेमधे येतच होती, त्यांना ती भंडारा लावत होती. ज्या गावात देवळाजवळ पाया पडतात त्याच गावात स्टँडवर टाळी ऐकली की लोक शिव्या घालतात, हे काही नवीन सांगायला नको.

कायद्याचं म्हणाल तर १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथीयांना ओळख दिली आणि आपलं लिंग आपण सांगायचा हक्क मान्य केला. २०१९ चा तृतीयपंथी हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्यात शारीरिक किंवा लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली ती सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी दहा वर्षं, तृतीयपंथीवर झाला तर जास्तीत जास्त दोन, यावर तेव्हापासून टीका चालूय आणि ती रास्तच आहे. बरं, खुनाला कलम सगळ्यांना एकच, पण खुनापर्यंत जाण्याआधीच्या दहा मारहाणी असतात त्या या दोन वर्षांत बसवलेल्या. २०२० च्या नियमांत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली तृतीयपंथी संरक्षण कक्ष असावा असं आहे, तेव्हा तक्रार घेऊन जाताना हे माहीत असलेलं बरं.

आधार द्यायचा म्हणजे काय, तर वर्षभराची बारीकसारीक कामं. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळखपत्राचा फॉर्म नॅशनल पोर्टलवर भरून द्यायला मदत, आधारवर नाव बदलायला सोबत, भाड्यानं खोली देणं आणि दुप्पट भाडं न मागणं, पोलीस स्टेशनला बरोबर जाणं. घरातून हाकललेल्यांसाठी केंद्राची गरिमा गृह ही निवाऱ्याची योजना आहे. शेजारी सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करतीय, तिच्या आसपास तृतीयपंथीयांचंही काम उभं राहिलं.

खून झालेल्यांची आठवण रस्त्यावर काढणं कोल्हापूरला माहीत आहे, २० फेब्रुवारी २०१५ ला कॉम्रेड पानसरे गेले त्यानंतर इथं निर्भय मॉर्निंग वॉक निघाले होते. २० नोव्हेंबरला दसरा चौकात किंवा बिंदू चौकात चार मेणबत्त्या लावायच्या तर परवानगीचा अर्ज सोपा आहे, अवघड आहे ती यादी. ती पोलिसांकडून घेतली तर जुनी नावं मिळतात, नेटवरून घेतली तर ब्राझील-अमेरिकेची. आपल्याकडची नावं पाहिजेत तर आधी गुरूंच्या घरी जाऊन बसायचं, चहा होऊ द्यायचा आणि त्या सांगतील तशी लिहून घ्यायची, वहीत एका नावापुढं कंसात दुसरं नाव न घालता.