घरट्यातले कष्ट, रक्तातले परजीवी

पक्ष्यांच्या हिवतापाची गोष्ट मराठवाड्याला अगदीच परकी नाही. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, तेव्हा त्याच राज्यातल्या सिकंदराबाद छावणीत रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली डासाच्या पोटात माणसाच्या हिवतापाचा परजीवी दिसला. डासामार्फत होणारं पूर्ण चक्र मात्र त्यांनी पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर सिद्ध केलं.

पिल्लं वाढवण्याची किंमत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. आईबाप जेवढी पिल्लं पोसू शकतात तेवढीच अंडी घातली जातात, असं ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये मांडलं. १९६६ मध्ये अमेरिकी उत्क्रांतीशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी पुढच्या विणीचाही हिशेब त्यात धरला. जास्त राबलेला पक्षी नंतर खचतो, पण कशाने? १९९० नंतर संशय परजीवींवर गेला.

नुसती मोजणी इथे फसवते. धडधाकट जोडी मुळात जास्त अंडी घालते आणि आजारही पचवते. म्हणून पिल्लं दोन-तीन दिवसांची असतानाच एका घरट्यातली काही उचलून दुसऱ्यात ठेवतात. काही घरट्यांतल्या पिल्लांची संख्या तुलनेसाठी मुद्दाम तशीच राखतात. स्वित्झर्लंडमध्ये हाइन्झ रिख्नर आणि सहकाऱ्यांनी ग्रेट टिट पक्ष्यांवर केलेला असा प्रयोग १९९५ मध्ये छापून आला. पिल्लांची संख्या वाढल्यावर नरांनी चाऱ्याच्या फेऱ्या सुमारे दीडपट केल्या, माद्यांनी नाही. हिवतापाचं प्रमाणही नरांतच वाढलं, जवळपास दुप्पट. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवलं, की जादा अंडं घालावं लागलेल्या माद्यांतही लागण जास्त असते.

तरी लागण नवी की अंगात दबलेली जुनीच उफाळली, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. रक्त विणीआधी आणि नंतर, दोनदा घ्यावं लागतं.

आपल्याकडे सुगरणीची वीण आणि डास दोन्ही पावसाळ्यातच, त्यामुळे तुलनेची घरटी त्याच वसाहतीतली, त्याच आठवड्यातली हवीत. दमट हवेत रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी सावकाश सुकते आणि पेशींचे आकार बिघडतात. ती वाऱ्याने लगेच सुकवून त्याच दिवशी मिथेनॉलमध्ये बुडवायची, मग परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसावेत म्हणून गिम्सा रंग. जुनाट लागणीत परजीवी इतके विरळ, की काचपट्टीवर ते निसटतात. पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, ते पकडते, पण साध्या पीसीआरमधून परजीवींचा भार कळत नाही; तो काचपट्टीवर मोजता येतो. आणि घरट्याला हात लावण्याआधी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालची वनखात्याची लेखी परवानगी हवीच.