पाण्याची तपासणी आणि यंत्राची परीक्षा

पाणी शुद्ध करणारं एखादं नवं यंत्र बाजारात आलं की त्याच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बहुधा प्रयोगशाळेचा एक अहवाल जोडलेला असतो. वर शिक्का, खाली सही, मध्ये तक्ता: गढूळपणा इतका, जीवाणू शून्य, सगळं मर्यादेत. वाचणारा मान डोलावतो आणि यंत्र तपासलेलं आहे असं धरून चालतो. खरं तर त्या कागदात यंत्राबद्दल अवाक्षर नसतं. एका बाटलीतल्या पाण्याबद्दल असतं, तेही ती बाटली भरली त्या वेळेपुरतं.

पाणी तपासणारी प्रयोगशाळा आणि पाणी-सांडपाणी शुद्धीकरणाचं तंत्रज्ञान तपासणारं चाचणी केंद्र यांची गल्लत इथूनच सुरू होते. गल्लत होणं साहजिक आहे, कारण दोन्हीकडे त्याच बाटल्या, तेच पीएच मीटर आणि बरेचदा तीच शिकलेली माणसं दिसतात.

प्रयोगशाळेचं काम समजायला सोपं, करायला मात्र किचकट. जीवाणू तपासायच्या निर्जंतुक बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते नसेल तर पाण्यातलं क्लोरीन वाटेतसुद्धा जीवाणू मारत राहतं आणि अहवाल उगाच चांगला येतो. धातू मोजायचे तर नायट्रिक आम्ल टाकून पीएच 2 च्या खाली आणतात, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसत नाहीत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जीवाणू वापरतात तो ऑक्सिजन; त्याचा नमुना 20 अंश सेल्सिअसला अंधारात 5 दिवस ठेवायचा. हे सगळं नीट जमतं की नाही ते आयएसओ/आयईसी 17025 या मानकावर जोखलं जातं. उत्तर मात्र एकाच प्रश्नाचं मिळतं: या पाण्यात काय आहे आणि किती आहे? ते पाणी कुठल्या यंत्रातून आलं, यंत्र आदल्या दिवशीच धुतलं होतं का, ते किती तास चाललं, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसतं. नमुना ग्राहकाने आणून दिला असेल तर निष्कर्ष मिळालेल्या नमुन्यापुरतेच आहेत, असं अहवालावर छापलेलंही असतं. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही.

चाचणी केंद्राचा प्रश्न निराळा: हे यंत्र दिवसामागून दिवस, चांगल्या-वाईट पाण्यावर, सांगितलेलं काम करतं का? त्यासाठी बाटली पुरत नाही, वाहतं खरं पाणी लागतं. म्हणून अशी केंद्रं बहुधा चालू सांडपाणी प्रकल्पाला खेटून असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं सिनसिनाटीतलं चाचणी केंद्र शहराच्या सांडपाणी प्रकल्पाशेजारीच आहे. तिथून हवं तेव्हा खरं सांडपाणी खेचता येतं. चांगल्या केंद्रात वेगवेगळ्या टप्प्यांवरून फीड, म्हणजे यंत्राला पुरवायचं पाणी, मिळतो: जाळीतून गाळलेलं कच्चं सांडपाणी, प्राथमिक टाकीत निवळलेलं, जैविक प्रक्रिया होऊन आलेलं. कंपनी आपलं यंत्र स्किडवर आणते, म्हणजे लोखंडी चौकटीवर पंप, टाक्या, पॅनेल सगळं आधीच बसवलेलं. केंद्राने फीडचा पाइप, वीज, दाबाची हवा आणि निचरा एवढं जोडून दिलं की काम सुरू. महिनोन्‌महिने निगुतीने शुद्ध केलेलं हे पाणी शेवटी कुणाच्याच वापरात येत नाही. बहुतेक वेळा ते परत प्रकल्पाच्या तोंडाशी, कच्च्या सांडपाण्यातच ओततात. केंद्राला हवे असतात ते नुसते आकडे.

परीक्षा म्हणजे नेमकं काय, हे पाहायला अमेरिकेतलं एनएसएफ/एएनएसआय 40 हे मानक उत्तम. ते एकेका घरासाठीच्या छोट्या सांडपाणी संयंत्रांसाठी आहे. चाचणी चालते 26 आठवडे. पाणी दिवसभर एका धारेने सोडत नाहीत. दिवसाच्या पाण्यापैकी 35 टक्के सकाळी 6 ते 9 मध्ये, 25 टक्के 11 ते 2 मध्ये आणि 40 टक्के संध्याकाळी 5 ते 8 मध्ये. माणसं घरात जशी पाणी वापरतात तसं. असे 16 आठवडे गेले की यंत्राला छळायला सुरुवात होते. आधी धुण्याचे दिवस: नेहमीच्या पाण्याच्या जोडीला वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी. मग नोकरदार आई-बापांचं घर: दुपारी शुकशुकाट, सकाळ-संध्याकाळ लोंढा. मग वीज किंवा यंत्र बंद पडणं. आणि शेवटी सुट्टी: घर सलग काही दिवस रिकामं, टाकीतल्या जीवाणूंना खायला काही नाही, आणि मंडळी परतली की पुन्हा सगळा भार एकदम. हे साडेसात आठवडे संपले की उरलेले अडीच आठवडे पुन्हा नेहमीचा भार, यंत्र सावरलं का ते बघायला. या सगळ्यातून जाऊनही बाहेर पडणाऱ्या पाण्याची 30 दिवसांची सरासरी ठरलेल्या मर्यादेत राहावी लागते. कार्बनी बीओडी (फक्त सेंद्रिय घाणीपुरता) लिटरला 25 मिलिग्रॅम, तरंगते घन पदार्थ 30 मिलिग्रॅम. युरोपात याच प्रकारच्या संयंत्रांचं मानक आहे ईएन 12566-3, आणि तिथली चाचणी 38 आठवड्यांची.

या 26 आठवड्यांत प्रयोगशाळेचे ढीगभर अहवाल निघतात. त्यातला धुण्याच्या दिवसांतला एखादा वाईट असेल, सुट्टीच्या आधीचा छान असेल. त्यातला छान कागद उचलून माहितीपत्रकाला जोडला तर खोटं बोलल्याचा ठपका कुणी ठेवू शकत नाही, आणि मला नेमकं हेच खटकतं.

दोन्हींमधला सगळ्यात मोठा फरक, माझ्या मते, शून्याच्या अर्थात आहे. समजा, यंत्र 99.99 टक्के विषाणू काढतं असा दावा आहे. आत येणाऱ्या पाण्यात लिटरला 100 विषाणू होते, बाहेरच्या एक लिटरमध्ये एकही सापडला नाही. प्रयोगशाळेच्या दृष्टीने याहून चांगला निकाल नाही. पण यंत्राबद्दल काय कळलं? शंभराचे एकाहून कमी झाले, म्हणजे साधारण 99 टक्के निघाले एवढंच. पुढचे दोन नऊ कुणी पाहिलेलेच नाहीत, कारण मुळात आत तेवढे विषाणू नव्हतेच. म्हणून चाचणी केंद्रात मुद्दाम पाणी बिघडवतात. एमएस2 नावाचा, फक्त जीवाणूंना बाधणारा आणि माणसाला निरुपद्रवी असा विषाणू प्रचंड संख्येने फीडमध्ये सोडतात. आत लिटरला 10 लाख, बाहेर 100. हाच 4 लॉगचा, म्हणजे 99.99 टक्क्यांचा पुरावा. दोन कागद शेजारी ठेवा: एकावर शून्य, दुसऱ्यावर 100. नुसतं पाणी बघणारा पहिला कागद उचलेल, यंत्र जोखणाऱ्याला दुसराच हवा. घरगुती फिल्टरच्या एनएसएफ/एएनएसआय 53 चाचणीतही असाच हट्ट दिसतो. काडतूस, म्हणजे फिल्टरमधला बदलायचा गाळणीचा भाग, बदलायची वेळ झाल्याचं सांगणारी सोय यंत्रात नसेल, तर फिल्टर त्याच्या सांगितलेल्या क्षमतेच्या 200 टक्के पाणी जाईपर्यंत चालवून पाहतात. तशी सोय असेल तर 120 टक्के पुरतात. लोक काडतूस वेळेवर बदलत नाहीत हे मानक लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलंय.

ही दोन कामं वेगळी आहेत, हे फार पूर्वीच उमगलं होतं. 1887 च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळाने दोन्ही हाती घेतली, पण वेगवेगळ्या जागी. एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांनी राज्यभरातून आलेले हजारो नमुने तपासले. त्यातून क्लोराइडचा एक नकाशा तयार झाला. समुद्रापासून जसजसं आत जावं तसतसं पाण्यातलं नैसर्गिक क्लोराइड कमी होत जातं, आणि एखाद्या ठिकाणी ते नकाशापेक्षा जास्त निघालं तर सांडपाणी मिसळल्याची शंका घ्यायची. पाण्याला प्रश्न विचारण्याचा हा अस्सल नमुना. त्याच मंडळाचं लॉरेन्स गावातलं प्रयोग केंद्र मेरिमॅक नदीकाठी दुसरंच काही करत होतं. मोठमोठ्या लाकडी टाक्यांत वेगवेगळ्या जाडीची वाळू भरून त्यावर सांडपाणी ओतायचं, मध्ये विश्रांती द्यायची, पुन्हा ओतायचं. विश्रांतीत वाळूत हवा शिरते, जीवाणू काम करतात आणि पाणी सुधारतं, हे तिथे पक्कं झालं. ॲलन हेझन यांनी तिथल्याच कामातून वाळूचा ‘परिणामी आकार’ ठरवायची रीत 1892 मध्ये मांडली. वजनाने 10 टक्के वाळू ज्या मापापेक्षा बारीक असते ते माप. वाळूच्या गाळण्या उभारताना आजही हाच आकडा मागतात. 1893 मध्ये लॉरेन्स शहराला वाळूची गाळणी मिळाली आणि विषमज्वराचे बळी घटले. पुढे 1912 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे सांडपाणीतज्ज्ञ गिल्बर्ट फाउलर लॉरेन्सचं हे केंद्र बघून गेले. परतल्यावर त्यांनी सुचवलेल्या प्रयोगांतून आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 मध्ये सक्रिय गाळाची, म्हणजे जीवाणूंनी भरलेला गाळ हवा देत सांडपाण्यात मिसळत ठेवण्याची, पद्धत मांडली. जगभरातले असंख्य एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आज त्याच पद्धतीवर चालतात.

सीमेवरची प्रकरणंही आहेत. जार टेस्ट घ्या. सहा चंचुपात्रांत तेच पाणी, तुरटीची मात्रा प्रत्येकात वेगळी, आधी जोरात ढवळायचं, मग हळू, मग निवळू द्यायचं. होते प्रयोगशाळेच्या टेबलावर, पण प्रश्न प्रक्रियेचा असतो. इथे मी फार ताणून धरत नाही. मात्र टेबलावरून थेट प्रकल्पावर उडी मारता येत नाही, आणि पायलट प्लांटची, म्हणजे छोट्या प्रमाणावरच्या चाचणी-प्रकल्पाची, गरज तिथेच पडते. वाळूचा चाचणी-स्तंभ कणांच्या मानाने फार अरुंद असेल तर पाणी भिंतीलगतच्या फटींतून निसटतं. म्हणून स्तंभाचा व्यास कणाच्या निदान 50 पट ठेवावा असा दंडक आहे. मेम्ब्रेनचं, म्हणजे पाणी गाळणाऱ्या बारीक छिद्रांच्या पडद्याचं, तर पूर्ण आकाराचं मॉड्यूलच (तयार संच) लावून बघणं बरं, कारण आतला प्रवाह लहान तुकड्यात तसा मिळत नाही. जैविक प्रक्रियेत आकारापेक्षा वेळ महत्त्वाचा. गाळाचं वय, म्हणजे जीवाणूंचा गाळ टाकीत सरासरी राहतो तो काळ, 15 दिवस ठेवलं असेल तर त्याच्या तिप्पट, म्हणजे दीड महिना उलटेपर्यंतचे आकडे सुरुवातीचे समजून बाजूला ठेवायचे. त्यात अमोनियावर जगणारे जीवाणू थंडीत मंदावतात. उन्हाळ्यात आटोपलेल्या चाचणीचा निकाल हिवाळ्यासाठी कामाचा नाही.

केंद्राच्या बाजूनेही एक कागद मिळतो. 2016 पासून त्यासाठी आयएसओ 14034 हे पर्यावरण तंत्रज्ञान पडताळणीचं मानक आहे. त्याआधी 1995 पासून जवळपास दोन दशकं अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी पडताळणी चालवली होती. तंत्रज्ञान चांगलं आहे असं हा कागद म्हणत नाही. अमुक पाण्यावर, अमुक प्रवाहाला, उत्पादकाने केलेला अमुक दावा खरा ठरला, एवढंच तो सांगतो.

म्हणूनच उलटी चूक, म्हणजे यंत्राच्या प्रमाणपत्रावर विसंबून आपलं पाणी न तपासणं, हीही तेवढीच महागात पडते. अतिनील किरणांचं यंत्र 95 टक्के पारगम्यतेच्या पाण्यावर उत्तीर्ण झालेलं असतं, तुमच्या पाण्यातून किरण जातात 70 टक्के. दिवा तोच, प्रमाणपत्र खरं, पण विषाणूंपर्यंत मात्रा पोहोचतच नाही. हे सांगणार प्रयोगशाळाच, आणि तेही यंत्र बसवल्यावर पुन्हा पुन्हा मोजून.

विक्रेता अहवाल पुढे करेल तेव्हा आधी चाचणीची नोंदवही मागा. आत कुठलं पाणी होतं, सलग किती तास चाललं, मध्ये कितीदा बंद पडलं, कितीदा धुतलं, नमुने कुणी काढले. बंद पडल्याची एकही नोंद नसलेली सहा महिन्यांची वही मला तरी पटत नाही.