चरबी उपसली तरी शुगर का उतरत नाही?

लातूर, नांदेड, परभणीकडं 'चरबीचं ऑपरेशन' या एका नावाखाली दोन शस्त्रक्रिया सर्रास एकच समजल्या जातात. एक लायपोसक्शन: कातडीला छोटी छिद्रं पाडून पोकळ नळीनं चरबी ओढून घेतात. दुसरी बॅरिअ‍ॅट्रिक: दुर्बिणीतून जठर लहान करतात, कधी आतड्याची वाटही बदलतात. पहिलीत चरबी डोळ्यांसमोर बाटलीत जमा होते. दुसरीत चरबीला कुणी हातसुद्धा लावत नाही. तरी शुगर उतरते ती दुसरीनंच.

याचा सरळ पुरावा 2004 साली मिळाला. अमेरिकेत सेंट लुईस इथं सॅम्युएल क्लाइन यांच्या गटानं पोटावर लठ्ठपणा असलेल्या 15 स्त्रियांची लायपोसक्शननंतर तपासणी केली. त्यातल्या सात जणींना टाइप 2 मधुमेह होता. प्रत्येकीची सरासरी 9 ते 10.5 किलो चरबी काढली होती. 10 ते 12 आठवड्यांनी मोजलं तर यकृत, स्नायू आणि चरबी, तिन्हींची इन्सुलिनला मिळणारी साथ होती तिथंच. एवढी चरबी उपाशी राहून गेली असती, तर फरक नक्की दिसला असता.

कारण चरबी किती आहे यापेक्षा ती कुठं साठली आहे आणि तिच्या पेशी किती फुगल्या आहेत, यावर इन्सुलिनचं काम अडतं. कातडीखालची चरबी त्यातल्या त्यात निरुपद्रवी. खरी अडचण यकृतात, स्नायूंत आणि आतड्यांभोवती साठलेल्या चरबीची. रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत असतं आणि 'आता बस' हा निरोप इन्सुलिन देतं. यकृतात चरबी भरली की तो निरोप पोचत नाही, म्हणून रात्री न जेवताही सकाळची उपाशीपोटीची शुगर 150 येते. लायपोसक्शनची नळी कातडीखालीच फिरते, यकृतापर्यंत जात नाही. पेशींची संख्या घटते, पण उरलेल्या पेशी तेवढ्याच फुगलेल्या राहतात. ब्राझीलमधल्या 2012 च्या एका अभ्यासात तर लायपोसक्शननंतर व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांची पोटाच्या आतली चरबी सहा महिन्यांत 10 टक्क्यांनी वाढली. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही.

बॅरिअ‍ॅट्रिकमध्ये दोन प्रकार जास्त चालतात. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि नळीसारखी पिशवी ठेवतात. जठराचा वरचा फुगीर भागही त्यात जातो, आणि भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथंच तयार होतं. बायपासमध्ये जठराची साधारण 30 मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न खालच्या आतड्यात लवकर पोचतं आणि जेवणानंतर जीएलपी-1 हे संप्रेरक कितीतरी पटींनी वाढतं. ते स्वादुपिंडाला जेवणाच्या वेळी इन्सुलिन सोडायला लावतं.

सुधारणा दोन टप्प्यांत होते, आणि इथंच लोकांची गल्लत होते. पहिल्या आठवड्यात वजन फारसं हललेलं नसताना शुगर उतरते. कारण पोटात जाणारं अन्न एकदम घटलेलं असतं आणि यकृतातली चरबी सगळ्यात आधी वापरली जाते. स्नायूंची साथ मात्र महिन्यांनी, वजन भरपूर उतरल्यावर सुधारते. 2020 मध्ये क्लाइन यांच्याच गटानं बायपासवाले आणि फक्त आहारानं उतरलेले असे दोन गट तपासले. दोघांचंही वजन सुमारे 18 टक्के घटलं होतं आणि इन्सुलिनच्या साथीतला फायदा दोघांत सारखाच निघाला. म्हणजे जादू शस्त्रक्रियेत नाही, वजन उतरण्यात आहे. पण बहुतेकांना नुसत्या आहारानं एवढं वजन उतरवून वर्षानुवर्षं तिथंच ठेवता येत नाही. ऑपरेशनचा खरा उपयोग तो. तरीही मधुमेह 'मुळासकट गेला' असं म्हणू नये, काही वर्षांनी तो अनेकांत परततो. ज्याचा आजार जुना आणि जो आधीपासून इन्सुलिनवर, त्यानं अपेक्षा बेतानं ठेवावी.

बिघडतं कुठं, हे जास्त महत्त्वाचं. ऑपरेशननंतरही ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच डोसात चालू राहिलं, तर शुगर धोक्याची खाली जाते. डोस दवाखान्यातून निघण्याआधीच बदलून घ्यावा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानं ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी थांबवतात. नाहीतर मीटरवर शुगर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साठतं. बायपासनंतर उसाचा रस किंवा आमरस घेतला की 10 ते 30 मिनिटांत घाम, धडधड, जुलाब. कधी 1 ते 3 तासांनी शुगर कोसळते.

सतत उलट्या होत असतील तर गावातल्या दवाखान्यात आधी ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नये. उलट्यांनी थायामिन (बी-1 जीवनसत्त्व) घटतं, आणि ते कमी असताना ग्लुकोज दिलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. थायामिनचं इंजेक्शन आधी, सलाईन नंतर. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या नातेवाइकांना एवढं एक वाक्य पाठ असावं.

सुरुवातीच्या महिन्यांत कोरडी भाकरी अडकते. ती वरणात कुस्करून, चमच्या-चमच्यानं. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत: अंडी, पनीर, दही, मुगाचं धिरडं. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्च आणखी उतरतो. वजन परत चढायला ते एक कारण. पाणी घोट-घोट घ्यावं, दीड लिटरपेक्षा कमी नको, आणि जेवणानंतर अर्धा तास थांबून. एप्रिल-मेच्या 42 अंशांत हे सांभाळणं अवघड, म्हणून जमलं तर ऑपरेशन हिवाळ्यात ठेवावं. बी-12, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व कायमचं. लोह आणि कॅल्शियम एकदम घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.

पैशाच्या बाजूनंही दोन्ही वेगळी. लायपोसक्शन सौंदर्याची शस्त्रक्रिया धरली जाते, विमा मिळत नाही. बॅरिअ‍ॅट्रिकला विमा नियामकाच्या अटींनुसार बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40, किंवा 35 आणि सोबत आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहासारखा गंभीर आजार लागतो. भारतीय शल्यचिकित्सकांची मर्यादा मात्र आजार असेल तर 35 पेक्षा कमी आहे. 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी 35 म्हणजे सुमारे 95 किलो. या दोन मर्यादांच्या मधल्या वजनाच्या माणसाला डॉक्टर 'करा' म्हणतात आणि विमा कंपनी 'नाही'. अर्ज करण्याआधीच बीएमआय मोजून घ्यावा.

आणि बॅरिअ‍ॅट्रिकनंतर लोंबणारी कातडी? तीही लायपोसक्शननं जात नाही. त्यासाठी कातडी कापून काढण्याची तिसरीच शस्त्रक्रिया असते, आणि ती वजन स्थिर झाल्यावर, साधारण 12 ते 18 महिन्यांनी करतात.